ट्रंकेतली वही : दुसऱ्या महायुद्धातला सातारा जिल्हा, पलटणीतला माणूस आणि मागे राहिलेलं घर

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत गावी गेलो तेव्हा माळ्यावरची आजोबांची लोखंडी ट्रंक खाली काढली. आबा जाऊन तीस वर्षं झाली, आजी त्यांच्या आधीच गेली. ट्रंक कुणी उघडली नव्हती. आत निघालं ते असं: पलटणीचं डिस्चार्जचं पुस्तक (अर्धं वाळवीनं खाल्लेलं), सहा टोकांच्या पितळी रंगाच्या दोन चांदण्या, सुतळीनं बांधलेली मनीऑर्डरची कुपनं, मूठभर भोकाचे पैसे, आणि गावातल्या वाण्याच्या दुकानाची उधारीची वही. वही मोडीत आहे, मला एक अक्षर लागत नाही.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. नदी म्हणायची, पाणी चार महिने. माण-खटावच्या घरांत तेव्हा पोरगा मिसरूड फुटायच्या वयाला आला की दोनच वाटा दिसायच्या, मुंबईची गिरणी नाहीतर बेळगाव. आबा १९३८ साली बेळगावला गेले. भरतीला पलटणीची हौस हे कारण नव्हतं, ज्वारी पिकली नव्हती हे होतं. आजी हे अगदी उघडपणे सांगायची, त्यात तिला कमीपणा वाटत नसे.

डिस्चार्जच्या पुस्तकावर २/५ एवढं वाचता येतंय आणि खाली मराठा लाइट इन्फन्ट्री. एका चांदणीची फीत शाबूत आहे: वाळूसारखा फिकट रंग, मधे रुंद लाल पट्टा, त्याच्या एका बाजूला गडद निळी रेघ आणि दुसरीकडे फिकट निळी.

आबा लढाईबद्दल जवळजवळ बोलायचे नाहीत. लहानपणी आम्ही फार मागं लागलो की एकच वाक्य यायचं, "कैदेतनं सुटल्यावर डोंगरात पाने मागून खाल्ली." ते "पाने" असंच म्हणायचे, एरवी "पानं" म्हणणारा माणूस. आम्ही पोरांनी ते चित्र मनात पक्कं केलं होतं की आबा झाडाचा पाला खाऊन जगले. माझ्या वडिलांनी तर आयुष्यभर मेथीची भाजी टाकली नाही, "बापानं पाला खाल्लाय" म्हणून.

आबा नेमके कुठं होते हे मला कळून घ्यायचं आहेच. पण त्याहून जास्त हे जाणून घ्यायचंय की १९३९ ते ४५ ही वर्षं आमच्या घरानं कशी काढली. पहिल्या महायुद्धाचा निदान दगड तरी आहे. आपल्याकडे कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत तो संगमरवरी तुकडा बसवलेला असतो, या गावातून इतके लोक लढाईला गेले, पैकी इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या ४६ जणांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाचा असा दगड मला आमच्या भागात कुठं दिसला नाही. ट्रंका आहेत, त्या माळ्यावर.

तुमच्या घरात काय ऐकलं असेल ते लिहा. थोडकंही चालेल.

---

निवृत्त_सुभेदार

राम राम येरळाकाठ. फीत आफ्रिका स्टार या पदकाची आहे, शंका नको. वाळूचा रंग वाळवंटाचा, लाल फौजेचा, गडद निळा आरमाराचा आणि फिकट निळा विमानदळाचा. दुसरी चांदणी १९३९-४५ स्टार असणार.

आता २/५ म्हणजे आमच्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, "काळी पाचवी". जून १९४२ मध्ये ही पलटण लिबियात तोब्रुकच्या तटबंदीवर होती, अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये. जोडीला कॅमेरॉन हायलँडर्स आणि गुरखे. जर्मन सेनापती रोमेलनं २० जूनला पहाटे हल्ला चढवला तो नेमका आग्नेय बाजूनं, जिथं मराठे होते. आधी विमानांनी बाँब टाकले, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, आपल्या बाजूच्या सेनापतीनं किल्ला सोडला. तेहेतीस हजारांच्या आसपास माणूस एका दिवसात कैदेत गेला. त्यात काळी पाचवी होती.

हे मुद्दाम लिहितो, कारण कैदेत गेलेल्या माणसाच्या घरी पुढं कुणी काही विचारत नाही. ज्याला पदक मिळालं त्याचं नाव राहतं. तिसऱ्या बटालियननं इरिट्रियातला केरनचा डोंगर घेतला, ते आम्हाला रिक्रूट असताना पाठ करून घेतलं जायचं. तोब्रुकचं कुणी पाठ करून घेतलं नाही. तुमचे आजोबा त्या खंदकात होते, एवढं तुमच्या मुलांना सांगा.

---

बोलोन्याहून

मी गेली अकरा वर्षं इटलीत राहते, माहेर कोरेगाव तालुका. येरळाकाठ, तुमचं "पाने" वाचलं आणि काम बाजूला ठेवलं.

इटालियनमध्ये पाने म्हणजे पाव, भाकरी. इथं रोज सकाळी दुकानात मी हाच शब्द म्हणते. तुमच्या आबांनी पाला खाल्ला नाही. त्यांनी डोंगरातल्या लोकांकडे भाकरी मागितली, त्यांच्याच भाषेत, आणि ती मिळाली.

संदर्भ असा लागतो. तोब्रुकला पकडलेल्या हिंदी सैनिकांना जहाजानं इटलीला आणलं. हिंदी लोकांसाठी मोठी छावणी आब्रुत्सो भागात अव्हेत्झानोला होती, चारी बाजूंनी डोंगर. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्तांशी तह जाहीर केला, पहारे ढिले पडले आणि जर्मन यायच्या आत ज्यांना जमलं ते कैदी रानात पळाले. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी त्यांना महिनोन् महिने लपवून ठेवलं. जर्मन जाहीरनामे लावत होते, की कैद्याला आसरा देईल त्याला गोळी. तरी दिला. ती गरीब माणसं होती, उतारावरची दगडाळ शेती, मेंढरं, मक्याची कण्हेरी. आपल्या माणदेशासारखीच म्हणा ना.

तुमच्या वडिलांना हे सांगता आलं तर जरूर सांगा.

---

येरळाकाठ

वडील नाहीत आता. आईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मेथी टाकली असती तरी चाललं असतं."

ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. साठ वर्षं एका शब्दाचा अर्थ आमच्या घरात चुकीचा लावला गेला होता.

---

वाळवेकर

धागा वाचतोय. मला एक बोलायचंय आणि ते कुणाला लागू नये एवढीच इच्छा आहे.

माझे आजोबा पत्री सरकारच्या तुफान सेनेत होते. आमच्या घरात पलटणीतल्या माणसाबद्दल चांगलं बोललं जात नसे. तेव्हा सातारा जिल्हा मोठा होता, वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर सगळं त्यातच. दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि सांगली हे नाव १९६० चं. म्हणजे तुमचं गाव आणि माझं गाव एकाच जिल्ह्यातलं. १९४२ च्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला, वडगावच्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. १० तारखेला इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनियर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. गोळी चालवणारं सरकार आणि तुमच्या आबांना पगार देणारं सरकार एकच होतं.

माझ्या आजोबांना मी विचारलं होतं, गावातले सोळा-सतरा जण पलटणीत होते त्यांचं काय? ते म्हणाले, "त्यांच्याबद्दल आम्ही बोलायचं टाळायचो, कारण त्यांच्या बायका गावातच होत्या." तेव्हा मला ते उत्तर अर्धवट वाटलं होतं.

---

येरळाकाठ

वाळवेकर, अजिबात लागलं नाही. उलट मी ज्या ठिकाणी अडखळत होतो तिथंच तुम्ही बोट ठेवलंत.

वडूजच्या त्या मोर्चात आमच्या घरातला माणूस होता. आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या. तेव्हा एकोणीस वर्षांचे. वडूज आमच्यापासून चालत दोन तासांवर. तात्या तिथून जिवंत परत आले, पण घरी झोपायला पुढची साडेतीन वर्षं आले नाहीत, भूमिगत झाले. हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण तात्यांचा दर १५ ऑगस्टला शाळेत सत्कार व्हायचा. आबा त्याच कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसायचे, कोशा पटका बांधून.

सुभेदार साहेबांनी तोब्रुकची तारीख दिली तेव्हा मी मोजलं. २१ जून ते ९ सप्टेंबर, ऐंशी दिवस. ऐंशी दिवसांत एका घरातले दोन्ही भाऊ गेले. एक सरकारसाठी लढताना शत्रूच्या कैदेत, दुसरा त्याच सरकारच्या बंदुकीपुढून रानात. घरी उरली माझी आजी, तिची सासू, आबांची सात वर्षांची धाकटी बहीण (आमची आत्या), आणि पाळण्यात माझे वडील. आजी तेव्हा बावीस वर्षांची असेल.

आबा बेपत्ता असल्याचा कागद पाटलाकडे आला. पाटलांनी तो वाचून दाखवला तेव्हा सासूनं हंबरडा फोडला. आजी मात्र उठून शेणी थापायला गेली. लोकांना ते फार खटकलं. तिचं म्हणणं एकच होतं, ते मी तिच्याच तोंडून कितीदा ऐकलंय: "मनीआर्डर येतीया म्हंजी मानूस हाय." पलटणीकडून येणारी फॅमिली अलॉटमेंट चालू होती, महिन्याला बारा रुपये. पगारच मुळात सोळा-अठरा रुपयांचा. ती कुपनं तिनं एकही फेकली नाही. सगळी सुतळीत आहेत.

आता मला हेच समजून घ्यायचंय की या बाईनं घर चालवलं कसं. वही वाचणारं कुणी आहे का इथं? पहिल्या आठ पानांचे फोटो टाकतोय.

---

भीमाकाठ

मोडी येत नाही, पण धाग्यात आमच्या घराची बाजू यायला हवी म्हणून लिहितो.

माझे आजोबा १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्या पहिल्या लोकांतले. "भरतीला गेले" एवढंच म्हटलं तर खूप काही निसटतं. विसाव्या शतकाच्या आधीच सरकारनं महारांची भरती बंद केली होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या पलटणीत सुभेदारी केली त्यांच्या पोरांना छावणीच्या फाटकात उभं करत नव्हते. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडून टाकली. त्यामुळं १९४१ ला बाबासाहेबांनी संरक्षणविषयक समितीत बसून ही भरती पुन्हा सुरू करायला लावली, ती आमच्या लोकांना नोकरीहून फार मोठी गोष्ट होती. सुरुवातीच्या टोपीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. आजोबा तो बिल्ला तळहातावर घेऊन दाखवायचे.

रोजच्या जगण्यातला फरक सांगतो. आजोबा पहिल्या रजेला आले तेव्हा बूट घालून वेशीतून चालत आले. त्याआधी आमच्या माणसाला पाटलाच्या वाड्यापुढून जाताना पायताण हातात घ्यावं लागे. कुणी काही बोललं नाही. अंगावर सरकारची वर्दी होती. पण रजा संपली, ते गेले, आणि दुसऱ्याच दिवशी पणजीला नेहमीसारखं पांढरीचं काम करायला बोलावणं आलं. ती गेली नाही. मनीऑर्डर घरी येत होती म्हणून तिला न जाणं परवडलं. बारा रुपयांचा अर्थ आमच्याकडे असा होता. पुढं वतन कायद्यानं १९५८ ला गेलं, आमच्या घरातून ते १९४२ लाच गेलं.

वाळवेकर, तुमचं दुःख मला समजतं. फक्त एवढं ध्यानात घ्या की इंग्रजांचा शिपाई होणं ही सगळ्यांसाठी एकच गोष्ट नव्हती.

---

वाळवेकर

भीमाकाठ, ध्यानात घेतलं. बुटाची गोष्ट विसरणार नाही.

---

चाकरमानी_दापोली

कोकणातून थोडं. आमच्याकडं लढाई जाणवली ती भातामुळं. कोकणात पिकणारा तांदूळ वर्षभर पुरत नसे, ब्रह्मदेशाचा तांदूळ मुंबईहून बोटीनं बंदराला उतरायचा. मार्च १९४२ ला रंगून पडलं आणि तो बंद. आजी सांगायची, त्या वर्षी लग्नात वरीचा भात वाढला. नाचणी तर बारमाहीच होती.

माणसं आमच्याकडची पलटणीत गेली तशी बोटींवरही गेली, खलाशी म्हणून. त्यांची नोंद लवकर सापडत नाही. आणि ज्यांना आम्ही "सुरक्षित मुंबईत" समजत होतो त्यांच्यावर १४ एप्रिल १९४४ ला गोदीचा स्फोट झाला. आमच्या वाडीतले दोघे त्या दिवशी गोदीत पाळीवर होते. गावाला तार पाचव्या दिवशी मिळाली.

माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, त्याच्यापुढून एसटी जाते. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं, बावीस वर्षांचा नाईक, हातातल्या तुकडीतले सगळे पडल्यावर एकट्यानं मशीनगनवर धावला. लहानपणी वाटायचं, टायबर म्हणजे कुठंतरी घाटावर असेल.

---

बोलोन्याहून

चाकरमानी, घाडग्यांच्या नावानं मोन्तोने गावात २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आणि माझ्या घरापासून तासाभरावर सेनिओ नदी आहे. एप्रिल १९४५ मध्ये नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव तिच्या बांधावर एकटे उरले होते. त्यांनी आधी दोन जखमी साथीदारांना पाणी आणि सुरुंग ओलांडून मागं पोचवलं, मग परत जाऊन ठाणी घेतली. हाताला जखम होती, बंदूक धरवेना म्हणून हातबाँब फेकले. ती नदी आता बघाल तर आपल्या ओढ्याएवढी.

फोर्लीच्या हिंदी स्मशानभूमीत मी दर दिवाळीला पणत्या घेऊन जाते. दहनाच्या स्मारकावर आपली नावं आहेत, इंग्रजी वळणानं लिहिलेली. मोठ्यानं वाचली की मगच आडनाव ओळखू येतं.

---

मोडी_छंदी

येरळाकाठ, दोन रात्री बसून आठही पानं लावली. वाण्याचं अक्षर घाईचं आहे, पण हिशेब चोख.

पहिलं पान शके १८६२ चं, म्हणजे १९४० च्या पाडव्यापासून. नाव तुमच्या पणजीचं. दर महिन्याला ज्वारी साधारण बारा पायल्या, कधी बाजरी. मीठ, गूळ, घासलेट, एक दोन वेळा खोबरं. महिनाअखेर "मनीऑर्डरपैकी जमा" म्हणून रक्कम, बहुतेक सात-आठ रुपये. १९४१ मध्ये एका जागी "जमा रुपये ३, पैकी १ राणी छाप" असं वेगळं लिहिलंय. ते समजण्यासारखं आहे. १९४० ला सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि कागदी रुपयाची नोट काढली, त्यामुळं जुन्या राणी छाप रुपयाला लोक जपत होते, वाणी तर जास्तच.

१९४२ च्या उन्हाळ्यापासून घासलेटाची ओळ अधूनमधून कोरी आहे. नाव लिहिलंय, आकडा नाही. म्हणजे आलंच नसणार. १९४३ पासून "कंट्रोल कापड" हे शब्द येतात. तुमचे भोकाचे पैसेही त्याच सालापासूनचे. तांबं दारूगोळ्याला लागत होतं म्हणून पैशाला मधे भोक पाडलं.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. घरात त्या वेळी किती माणसं होती म्हणालात? १९४२ च्या दिवाळीपासून ज्वारी बारा पायल्यांवरून एकदम वीस-बावीस होते आणि पुढं दोन वर्षं तशीच राहते. भाव वाढत होते, दोन बाप्ये घरात नव्हते, तर ज्वारी कमी व्हायला हवी. उधारी मात्र प्रत्येक महिन्याला मनीऑर्डरवर फिटलेली आहे, आणि शिल्लक काहीच नाही. खोबरं, गूळ बंद. फक्त ज्वारी, मिरची, मीठ.

---

करवीरकर

मधेच एक. त्याच काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडमधून आलेल्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास, बायका-मुलंच जास्त, १९४३ ते ४८. माझी आजी त्यांच्याकडे दूध घालायची. ती म्हणायची, "त्यांचेबी बापये लढाईला गेल्याले." बाजारात त्या बायकांचं आणि आमच्या बायकांचं बोलणं खुणांनी चालायचं. आता मोडीकडे वळा, मलाही जाणून घ्यायचंय.

---

वाळवेकर

मोडी_छंदी, मला उलगडतंय. दोनदा वाचून लिहितोय.

भूमिगत माणूस खायचा काय, हे आम्ही घरी ऐकत वाढलो. क्रांतिसिंह नाना पाटलांची सभा, शेणोलीला अडवलेली गाडी, धुळ्याचा खजिना, हे सगळं लोकांना माहीत असतं. पण चारशे-पाचशे माणसं रानात, उसात, डोंगरात वर्षानुवर्षं जगली ती भाकरीवर, आणि ती भाकरी रात्री गावातून यायची. ठरलेली घरं असायची. एका घरावर सलग भार नको म्हणून जागा बदलायची. पोलीस जळणाचा ढीग बघायचे, दळणाचा आवाज ऐकायचे. दोन बायकांच्या घरात पहाटे फार वेळ जातं फिरलं तर विचारणा व्हायची. त्यामुळं पलटणीतल्या माणसाचं घर हे सगळ्यात बरं. तिथं फौजदार सहसा शिरत नसे, दारावर सरकारी मनीऑर्डर येणारं घर ते.

दहा पायल्या जादा ज्वारी म्हणजे रोज दोन-तीन माणसांचं जेवण. तुमचे तात्या आणि सोबत आणखी एखाद-दोघं. येरळाकाठ, तुमच्या आजीनं इंग्रज सरकारच्या बारा रुपयांवर पत्री सरकारची माणसं जेवू घातली. माझे आजोबा "त्यांच्या बायका गावातच होत्या" असं का म्हणाले ते मला आज समजलं.

---

निवृत्त_सुभेदार

वाळवेकर, जय हिंद. मी उभा राहून वाचलं.

येरळाकाठ, आता कामाचं. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला आबांचा नंबर, नाव, गाव लिहून अर्ज करा आणि शीट रोलची, म्हणजे नोकरीच्या नोंदीची, नक्कल मागा. डिस्चार्ज पुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा. वेळ लागेल, पुन्हा पुन्हा लिहावं लागेल. कैदेत गेल्याची आणि सुटल्याची तारीख त्यात असते. नाव शोधताना Mahratta च्या जुन्या इंग्रजी वळणाप्रमाणे आडनावाचीही तीन-चार वळणं करून बघा.

आणि इतर वाचकांसाठी: कुणाच्या घरी दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाची विधवा अजून हयात असेल आणि पेन्शन नसेल (युद्धापुरती भरती झालेल्यांना ती मिळाली नाही, पंधरा वर्षं भरली नव्हती), तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. राज्य सरकारचं मानधन आहे. पात्र असूनही अर्ज न केलेल्या म्हाताऱ्या मी स्वतः पाहिल्यात.

---

येरळाकाठ

उशिरा लिहितोय. वाळवेकरांचं वाचल्यावर मी तडक आत्याला भेटायला पुण्याहून फलटणला गेलो. एकोणनव्वद वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, आठवण लख्ख.

मी वहीचं सांगितलं. ती हसली नाही की रडली नाही, सरळ सांगायला लागली, जणू मी काल का विचारलं नाही असं. तिच्याच शब्दांत लिहितो, जमेल तसं.

"वहिनी कोंबडा आरवायच्या आधी दळायची. जात्यात आधी मूठभर हरभरं टाकायची, आवाज दुसराच येतो म्हनून. भाकऱ्या फडक्यात बांधून दुरडीत, वर शेण्या. ती दुरडी माझ्या डोक्यावर. मी येरळंच्या वाळूतनं मळ्यात जायची. कुनी इचारलं तर सांगायचं, बाळंतिणीला शेण्या नेतीया. एकदा पोलिसानं खरंच इचारलं. मी म्हनलं, माझा मोठा भाऊ पलटणीत हाय. त्यानं जा म्हनलं."

तिला विचारलं, तात्यांना ठाऊक होतं का पैसे कुठले ते. म्हणाली, "सगळ्यांस्नी ठावं हुतं. तात्या पयल्यांदा म्हनला, त्या सरकारचं मी खानार न्हाई. वहिनीनं निरोप धाडला, सरकारचं न्हाई, तुझ्या भावाच्या घामाचं हाय, गप खा."

मग मी ते विचारलं जे मला गाडीत बसल्यापासून विचारायचं होतं. आबा परत आले तेव्हा त्यांना आजीनं सांगितलं का? शिपायाचा पगार सरकारविरुद्धच्या माणसांना गेला हे कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती, कदाचित जास्तच काही.

"सांगितलं की. आल्या रात्रीच. चुलीपाशी बसला हुता. म्या समोरच हुते. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मंग म्हनला, मलाबी तिकडं डोंगरात एका बाईनं आठ म्हैनं पाने दिलं. तिचं दोन ल्योक लढाईत हुतं, तिनं इचारलं न्हाई मी कुनाकडनं हाय."

आत्याला "पाने" म्हणजे काय ते तेव्हापासून माहीत होतं. आम्ही कुणी तिला विचारलंच नव्हतं.

मोडी_छंदी, वहीची अजून अकरा पानं उरलीत, उद्या उजेडात नीट फोटो काढून पाठवतो. शेवटच्या पानावर १९४६ च्या पाडव्यापाशी वाण्यानं पूर्ण ओळीवर आडवी रेघ मारलीय आणि खाली दोन शब्द लिहिलेत. ते आधी वाचाल का?

---

मोडी_छंदी

तेवढा फोटो आत्ताच बघितला. "खाते बेबाक" असं आहे. म्हणजे सगळी उधारी फिटली.